“बायका कुठं ओढतात ओ!” : गर्भनिरोधक गोळी, सिगारेट आणि वेप

नमस्कार. आज शटर अर्धं खाली ओढून काउंटरच्या मागूनच बोलतेय, कारण विषय या काउंटरवरचाच आहे.

परवा संध्याकाळी साडेसातची गोष्ट, ऐन गर्दीची वेळ. बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी आली. पुण्यात नोकरी, सुट्टीला घरी आलेली. मागं दोन काका शुगरच्या गोळ्यांसाठी उभे होते, म्हणून तिनं तोंडानं काही न सांगता मोबाईलवर फोटो दाखवला. गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट होतं, पीसीओडीसाठी, म्हणजे पाळी अनियमित करणाऱ्या अंडाशयाच्या त्रासासाठी, डॉक्टरांनी लिहून दिलेलं. मी ते काढलं, कागदात गुंडाळायला घेतलं. (आपल्याकडं पॅड आणि या गोळ्या अजून कागदात गुंडाळूनच जातात, तो वेगळा व्हिडिओ होईल.) गुंडाळता गुंडाळता हळूच विचारलं, “सिगारेट वगैरे?”

ती दचकलीच. “नाही ओ अक्का, सिगारेट नाही.” मग दोन सेकंद थांबून, आणखी हळू आवाजात, “वेप चालतं ना?” (वेप म्हणजे ई-सिगारेट, धुराऐवजी निकोटीनची वाफ ओढायची.)

खरं सांगते, बारा वर्षं या काउंटरवर काढली, पण हा प्रश्न मी विचारायला लागले तो आत्ता दोन-तीन वर्षांत. आधी कधी विचारलंच नाही. का? तर माझ्याही डोक्यात तेच होतं: बायका कुठं ओढतात ओ! आणि हे कुठं बसून? सोलापूरच्या पूर्व भागात. जिथं दर चौथ्या घरात नाही म्हटलं तरी एक बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत आयुष्य काढते. पान भिजवायचं, फर्मा ठेवून कात्रीनं कापायचं, जर्दा भरायचा, वळायचं, दोरा गुंडाळायचा. शहरभराचा धूर बायकांच्या हातून तयार होतो, आणि त्यातली एखादी स्वतः ओढत असेल हा विचार मात्र कुणाच्या मनाला शिवत नाही. डॉक्टर विचारत नाहीत, मेडिकलवाला विचारत नाही, आणि ती तर सांगणारच नाही.

तर आता मुद्द्यावर येते.

हार्मोनवाली साधी गोळी, म्हणजे हे बघा (पाकीट कॅमेऱ्यासमोर), माला-डी किंवा सरकारी दवाखान्यात फुकट मिळते ती माला-एन. यात २८ गोळ्या असतात. २१ हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या, त्यांचा रंग वेगळा. हार्मोनच्या प्रत्येक गोळीत दोन औषधं आहेत: लिव्होनॉरजेस्ट्रेल आणि इथिनिल इस्ट्रॅडिओल. हे दुसरं नाव लक्षात ठेवा. हे इस्ट्रोजेन. सिगारेटशी भांडण आहे ते याचं. पीसीओडीसाठी, पिंपल्ससाठी, “पाळी रेग्युलर व्हायला” म्हणून ज्या महागड्या गोळ्या लिहून देतात, त्यातल्या बहुतेकांत हेच असतं. कित्येक मुलींना आपण गर्भनिरोधक गोळी घेतोय हेसुद्धा माहीत नसतं, कारण त्यांच्यासाठी ती “पाळीची गोळी” असते.

भांडण कसलं? आपण सोलापूरची माणसं, चादरीच्या भाषेत सांगते. रक्ताची गुठळी म्हणजे एक प्रकारचं विणकामच आहे. फायब्रिन नावाचे धागे असतात, त्यांची जाळी होते, त्यात प्लेटलेट्स आणि रक्तपेशी अडकतात. जखम झाली की हे विणकाम लागतंच, नाहीतर रक्त थांबणार नाही. आता इस्ट्रोजेन काय करतं, तर लिव्हरला जास्त सूत कातायला लावतं. गुठळीसाठी लागणारे घटक वाढतात, आणि विणकाम आवरणारं प्रोटीन एस कमी होतं. तरुण, निरोगी बाईला यानं बहुतेक वेळा काही होत नाही, कारण माग चालूच झालेला नसतो.

तंबाखूचा धूर तो माग चालू करतो. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर खरबरीत होतं. प्लेटलेट्स चिकट होतात. निकोटीननं रक्तवाहिन्या आकसतात, नाडी आणि बीपी वाढतं. कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजनची जागा अडवून बसतो. म्हणजे सूत भरपूर, माग सुरू, आणि रस्ता अरुंद. अशात हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की हार्ट अटॅक नाहीतर लकवा.

पण घाबरून आज रात्री पाकीट कचऱ्यात टाकू नका, थांबा. आकडे बघा. दहा हजार बायका वर्षभर बघितल्या, गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या, तर त्यातल्या साधारण १ ते ५ जणींच्या शिरेत गुठळी होते. अशी दोन हार्मोनची गोळी घेणाऱ्यांत ३ ते ९. गरोदरपणात ५ ते २०. आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या बारा आठवड्यांत हाच दर ४० ते ६५. म्हणजे गोळी सोडली, दुसरी काही सोय केली नाही आणि दिवस गेले, तर धोका कमी नाही, वाढलाच. म्हणून बदलायची असेल तर नवी सोय सुरू होईपर्यंत कंडोम वापरायचा.

मग कुणी बदलायची? जागतिक आरोग्य संघटनेचे नियम आहेत, डॉक्टर त्यावरच चालतात. वय ३५ च्या आत आणि सिगारेट ओढता, तर गोळी साधारणपणे चालते, डॉक्टरांच्या नजरेखाली. वय ३५ किंवा वर आणि दिवसाला १५ पेक्षा कमी, म्हणजे अगदी “दोनच ओढते मी, तेही जेवल्यावर” असली तरी, सहसा देऊ नये. वय ३५ किंवा वर आणि दिवसाला १५ किंवा जास्त, तर अजिबात नाही, तिथं चर्चाच संपली. हे सिगारेटवर लिहिलंय, पण विडीला सूट आहे असं समजू नका. विडी आकारानं लहान दिसते, पण सारखी विझते म्हणून झुरके जास्त आणि खोल घ्यावे लागतात. हुक्काही धूरच, फ्लेवर गुलाबाचा असला तरी.

“पण मी सोडलीय!” छान. कधी सोडली? ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या नियमात पस्तिशीनंतर सिगारेट सोडून एक वर्ष झालं असेल तरच गोळीचा विचार मोकळेपणानं करतात. गेल्या महिन्यात सोडली असेल तर तेही सांगा.

आता त्या मुलीचा प्रश्न. वेप चालतं का?

पहिलं म्हणजे, भारतात ई-सिगारेटच्या विक्रीवर, आयातीवर, साठवणुकीवर २०१९ पासून बंदी आहे. तरी मिळते. आंबा, पुदिना, कलिंगड. म्हणजे जे हातात आहे ते चोरीछुपे आलेलं आहे, आणि त्यावर छापलेल्या निकोटीनच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा म्हणजे रस्त्यावरच्या बिनलेबल बाटलीतून औषध घेण्यासारखं आहे. मी मेडिकलवाली आहे, मला ते झेपत नाही.

दुसरं, “वाफ आहे, धूर नाही” हे बरोबर आहे. त्यात जळणं नाही, म्हणून कार्बन मोनॉक्साइड आणि डांबर सिगारेटसारखं नाही. पण निकोटीन आहेच, आणि नव्या डिस्पोजेबल वेपमध्ये ते सॉल्टच्या रूपात असतं, घशाला खवखवत नाही म्हणून कळतच नाही किती गेलं. सिगारेट संपते, विझते. वेप हातातच असतं, अंथरुणातसुद्धा. वेप ओढल्यावर नाडी आणि बीपी वाढतं, रक्तवाहिन्या तात्पुरत्या कडक होतात, हे मोजून झालेलं आहे. वेप आणि गोळी या जोडीवर मात्र सिगारेटसारखे दशकानुदशकांचे अभ्यास नाहीत. गोळी १९६० पासून बाजारात आहे, आजचं वेप २००३ च्या पुढचं. त्यामुळे “वेपनं काहीच होत नाही” असं छातीठोक सांगणारा माणूस एकतर विकतो, नाहीतर ओढतो. डॉक्टरांनी विचारलं की सिगारेट ओढता का, तर “नाही, पण वेप” हे पूर्ण वाक्य बोला. अर्ध्यावर थांबू नका.

ती मुलगी पस्तिशीच्या आत, बीपी ११० च्या आसपास, डोक्याचा अर्धशिशीचा त्रास नाही. तिला मी एवढंच म्हटलं की डॉक्टरांना सांगून ठेवा, आणि ते खेळणं सुटलं तर बघा. पण हा अर्धशिशीचा मुद्दा मोठा आहे. अर्धशिशीच्या आधी ज्यांना डोळ्यांपुढं चमकणाऱ्या रेषा दिसतात, किंवा हात-तोंड बधिर होतं, त्यांना इस्ट्रोजेनची गोळी द्यायचीच नसते, सिगारेट ओढा की न ओढा. बीपी असेल तरी तेच, आधी डॉक्टर.

मिश्रीबद्दल मावश्या विचारतात. दात घासायला म्हणून सकाळ-संध्याकाळ मिश्री लावणाऱ्या आपल्याकडं किती आहेत, मी सांगायला नको. नियमांत हिशेब धुराचा आहे, मिश्रीचा नाही. पण निकोटीन हिरड्यांतून रक्तात जातंच आणि तेवढ्यापुरतं बीपी वाढवतंच. तेव्हा चाळिशीची मावशी गोळी मागायला आली आणि मिश्री लावते म्हणाली, तर मी आधी खुर्चीवर बसवून बीपी बघते. एकदा एकीनं रागानं विचारलं, “गोळी द्यायची तर द्या की, हे सगळं कशाला विचारलालाव?” बीपी निघालं १६०. मग शांत झाली.

आणि एक जागा जिथं कुणाचंच लक्ष नसतं. जानेवारीत गड्ड्याची यात्रा, आषाढीला पंढरपूर, श्रावणातली पूजा, गौरी. या दिवसांच्या आधी आठवडाभर माझ्याकडं एकच मागणी असते: पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या. त्यात नॉरएथिस्टेरॉन असतं, ५ मिलिग्रॅम, दिवसाला तीन. सगळ्यांना वाटतं हे साधं आहे. पण एवढ्या डोसमध्ये त्याचा थोडा भाग शरीरात जाऊन इथिनिल इस्ट्रॅडिओलच होतो. म्हणजे मागच्या दारानं इस्ट्रोजेन आलंच. तेव्हा ओढत असाल, आधी गुठळी झाली असेल, घरात कुणाला कमी वयात झाली असेल, तर ती गोळीसुद्धा चिठ्ठीशिवाय मागू नका. मी देत नाही. समोरच्या दुकानात मिळेल, मला माहितीय.

मग ओढणाऱ्या बाईनं काय वापरायचं? भरपूर आहे. तांबी, म्हणजे कॉपर टी, तिच्यात हार्मोनच नाही, कुठल्याही वयात, कितीही ओढत असाल तरी अडचण नाही. छाया नावाची गोळी आहे, लखनौच्या सरकारी संशोधन संस्थेनं शोधलेली. तीही हार्मोनची नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. आशाताईंकडं मिळते. अंतरा इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा, त्यात इस्ट्रोजेन नाही, त्यामुळं नुसत्या धूम्रपानामुळं ते नाकारत नाहीत. वय, तंबाखू, बीपी, शुगर असं सगळं एकत्र असेल तर मात्र डॉक्टर दोनदा विचार करतात. एकाच हार्मोनची रोजची गोळीही असते, ती घड्याळ लावून घ्यायची. आणि बहात्तर तासांवाली गोळी सिगारेटमुळं बंद नाही, तिच्यात लिव्होनॉरजेस्ट्रेल एकटंच असतं.

कमेंटमध्ये हमखास येणारा प्रश्न: सिगारेटनं गोळी फेल होते का? गोळी नियमित घेत असाल तर ती काळजी नको. मधेच डाग दिसण्याचं प्रमाण ओढणाऱ्यांत जास्त असतं, त्यानं घाबरून बायका गोळी अर्ध्यात सोडतात, आणि मग फेल होते.

गोळी चालू असताना एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, गरम लागली. अचानक धाप लागली, छातीत दुखलं. कधी नव्हे असं डोकं ठणकलं, दिसायला अंधुक झालं, बोलताना जीभ जड झाली. यातलं काहीही झालं तर मेडिकलमध्ये येऊन ॲसिडिटीची गोळी मागू नका. १०८ लावा, सिव्हिलला जा, आणि गोळी घेते हे तिथं पहिल्या वाक्यात सांगा.

शेवटची अडचण मला तुम्हीच लिहून पाठवली होती: सासू शेजारी बसलेली असते, डॉक्टरांना कसं सांगू? चिठ्ठीवर लिहा. “मी ओढते” एवढंच, आणि घडी घालून केसपेपरच्या आत ठेवा. सोडायचं असेल तर फुकटचा नंबर आहे, १८००-११-२३५६. लिहून घ्यायची गरज नाही, विडीच्या बंडलावरही छापलेला असतो.

बरं, कुणीतरी शटर वाजवतंय. उघडते.