पॉयरोची शेवटून दुसरी कादंबरी

(दृश्य: पिवळी पडलेली पेपरबॅक. पानं उलटली जातात.)

समुद्राकाठचा कडा. निवृत्त जनरल आणि त्याची बायको, दोघंही मृत. मध्ये रिव्हॉल्व्हर. कुणी कुणाला मारलं? बाईंकडे विग होते चार. आणि जीव लावलेला कुत्रा मरणाच्या थोडं आधी त्यांनाच चावला होता.

एवढा ऐवज हाताशी असल्यावर गुप्तहेर हर्क्युल पॉयरोच्या चाहत्याची रात्र जागून निघायला हवी. अॅगाथा ख्रिस्तींची ‘एलिफंट्स कॅन रिमेंबर’ वाचताना मात्र पेंग येते.

साल १९७२. लेखिका ८२ वर्षांच्या. पॉयरो बहुतेक वेळ खुर्चीत बसून असतो. फिरतात त्या त्याच्या मैत्रीण, रहस्यकथा लिहिणाऱ्या मिसेस ऑलिव्हर. एका जुन्या ओळखीच्या माणसाकडून दुसऱ्याकडे. प्रत्येक जण ‘तेव्हा काहीसं कानावर आलं होतं’ असं म्हणतो, आणि गेल्या प्रकरणात ऐकलेलंच पुन्हा ऐकवतो. घटना किती वर्षांपूर्वीची? एका ठिकाणी दहा-बारा, दुसरीकडे त्याहून कितीतरी जास्त. ज्या मालिकेत मिनिटांचा हिशेब खुन्याला अडकवायचा, तिथे वर्षांचाच मेळ बसत नाही! विग आणि कुत्रा इतक्या वेळा समोर येतात, की मुरलेला वाचक पॉयरोच्या कितीतरी आधी उत्तरापाशी पोचतो. उत्तर इथे फोडत नाही, पण फार डोकं चालवावं लागत नाही.

(दृश्य: संगणकाच्या पडद्यावर सरकणारे शब्द.)

२००९ मध्ये टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी ख्रिस्तींच्या कादंबऱ्यांमधले शब्द मोजले. या पुस्तकात शब्दसंपदा बरीच आटलेली निघाली. ‘काहीतरी’, ‘ती गोष्ट’ असले मोघम शब्द वाढलेले. हा स्मृतिभ्रंश असावा, असा त्यांचा अंदाज. ख्रिस्तींच्या हयातीत असं निदान जाहीर झालेलं नव्हतं, तेव्हा जपूनच बोलावं. पण संवाद सैल पडलेत हे कळायला वाचकाला संगणक लागत नाही.

पॉयरोच्या ३३ कादंबऱ्यांमधली ही सर्वांत शेवटी लिहिलेली. शेवटी छापलेली मात्र वेगळी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहून बाजूला ठेवलेली ‘कर्टन’ १९७५ मध्ये बाहेर आली, ख्रिस्ती गेल्या त्याच्या काही महिने आधी.

(दृश्य: जुनं इंग्लिश घर, रिकामी चाकाची खुर्ची.)

‘कर्टन’मध्ये पॉयरो थकलेला आहे, सांधे आखडलेत, खुर्ची दुसऱ्याने ढकलावी लागते. वाक्यं मात्र तीस वर्षांपूर्वीची, चाकूसारखी. घर तेच, स्टाइल्स, जिथे १९२० मध्ये तो वाचकांना पहिल्यांदा भेटला. सोबतीला पुन्हा जुना मित्र हेस्टिंग्ज.