‘ग्रेड टू फॅटी लिव्हर’ म्हणजे नेमकं काय? हिशोब तुमच्याच रिपोर्टात आहे

नमस्कार मंडळी. सोलापूरचा उन्हाळा, पाणी कमी पडलं, पोटात कळ आली, म्हणून मूतखडा बघायला सोनोग्राफी केली. खडा राहिला बाजूला, रिपोर्टाच्या तळाशी एक ओळ निघाली: ‘फॅटी लिव्हर, ग्रेड टू.’ घरात लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, हे सगळ्यांनाच असतं, सोडा. दुसरा झाडपाल्याचं औषध आणायला निघतो.

दोघंही चुकतात. ग्रेड सांगते चरबी किती दिसली ते. धोका मात्र ठरतो लिव्हर किती कडक झालंय, म्हणजे फायब्रोसिस किती आहे, यावर. सिरोसिस, म्हणजे या कडकपणाचा शेवटचा टप्पा, वाढत गेला की चरबी उलट कमी होते. ग्रेड सुधारलेली दिसते आणि आजार पुढे गेलेला असतो.

कडकपणाचा पहिला अंदाज फुकटात निघतो. त्याला ‘फिब-फोर’ म्हणतात. चार गोष्टी लागतात: वय, एसजीओटी आणि एसजीपीटी (लिव्हरच्या रक्ततपासणीतले दोन आकडे) आणि प्लेटलेट.

[पडद्यावर: (वय × एसजीओटी) ÷ (प्लेटलेट × एसजीपीटीचं वर्गमूळ)]

प्लेटलेट हजारात घ्यायच्या. रिपोर्टात 1.6 लाख असेल तर 160. गणित बहुतेक वेळा इथेच फसतं.

समजा वय 52, एसजीओटी 64, एसजीपीटी 49, प्लेटलेट 1.6 लाख. वर 52 गुणिले 64, म्हणजे 3328. खाली 49 चं वर्गमूळ 7, गुणिले 160, म्हणजे 1120. उत्तर 2.97. आता दुसरा माणूस: वय 45, एसजीओटी 40, एसजीपीटी 64, प्लेटलेट 2.5 लाख. उत्तर 0.9. गंमत बघा, एसजीपीटी दुसऱ्याचं जास्त आहे आणि काळजी पहिल्याची आहे. लिव्हर कडक झालं की प्लीहा सुजते, प्लेटलेट तिच्यात अडकतात, म्हणून तो आकडा इतका बोलका.

फिब-फोरचं उत्तर 1.3 च्या खाली असेल तर सध्या धोका कमी. वय 65 च्या पुढे असेल तर ही रेषा 2 ची. 2.67 च्या वर गेलं तर पोटविकारतज्ज्ञ गाठा. मधे असेल तर फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हरचा कडकपणा बाहेरूनच मोजणारी तपासणी. त्याआधी तीन तास काही खायचं नाही, नाहीतर आकडा फुगतो. 8 किलोपास्कलच्या खाली आलं तर दिलासा. आणि हो, डेंग्यू किंवा तापात हा हिशोब करू नका, प्लेटलेट तेव्हा तशाच घसरलेल्या असतात. पस्तिशीच्या आतही तो फारसा भरवशाचा नाही. बऱ्याच स्वस्त पॅकेजमध्ये एसजीओटी नसतंच. रक्त देतानाच मागून घ्या.

त्याच रक्तात हेपॅटायटिस बी आणि सी तपासून घ्या. 2018 मध्ये सुरू झालेल्या हेपॅटायटिस नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात दोन्हीची औषधं मोफत मिळतात, आणि हेपॅटायटिस सी तर बहुतेकांचा 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो.

आता उपचार. भारतात 2020 मध्ये सारोग्लिटाझारला, अमेरिकेत 2024 मध्ये रेस्मेटिरोमला आणि 2025 मध्ये सेमाग्लुटाइडला या आजारासाठी मान्यता मिळाली. ही खरी प्रगती आहे, पण ही औषधं सिरोसिस होण्याआधीची. वजन उतरवण्याला पर्याय अजून नाही. 80 किलोच्या माणसाने 4 किलो उतरवले तर चरबी कमी होते, 8 किलो उतरवले तर कडकपणाही मागे हटू शकतो. आठवड्याला अर्धा ते एक किलो पुरे. उपाशी राहून झपाट्याने उतरवलं तर पित्ताशयात खडे होतात. भाकरीला घाबरू नका. कोल्ड्रिंक, साखर आणि दारू आधी सोडा. लिव्हर ‘साफ’ करायला गुळवेलीचा काढा तर नकोच. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी त्यानंतर लिव्हरला इजा झालेले रुग्ण नोंदवले आहेत.

ज्यांना सिरोसिस झालाय, त्यांच्या घरी वेगळ्याच चुका होतात. ‘लिव्हर नाजूक आहे’ म्हणून डाळ, अंडी बंद करतात. खरं तर 60 किलोच्या माणसाला रोज 72 ते 90 ग्रॅम प्रोटीन लागतं. रात्रभर पोट रिकामं राहिलं की शरीर स्नायू खातं, म्हणून झोपताना दूध-भाकरी द्या. पोटात पाणी असेल तर शेंगाचटणी, लोणचं, पापड ताटातून काढा, मीठ सगळं तिथेच असतं. लॅक्टुलोज, म्हणजे शौचावाटे विषारी पदार्थ बाहेर काढून ते मेंदूला चढू न देणारं औषध, ‘जुलाब होतात’ म्हणून परस्पर बंद करू नका. दिवसाला दोन-तीन मऊ शौचाला होतील इतकाच डोस ठेवायचा असतो. ते थांबलं की रुग्ण दिवसा झोपतो, रात्री जागतो, बरळायला लागतो. कंबर दुखली म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन तर अजिबात नको, किडनी बसते.

पोटात पहिल्यांदा पाणी झालं, रक्ताची उलटी झाली किंवा भान हरपलं, की लिव्हर प्रत्यारोपणाचा विषय तेव्हाच काढायचा. सोलापूरकरांची प्रतीक्षायादी पुण्याच्या विभागीय समन्वय केंद्राकडे असते, नाव प्रत्यारोपण करणाऱ्या हॉस्पिटलमार्फत लागतं. जाताना बिलिरुबिन, क्रिएटिनिन, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) आणि सोडियम हे चार रिपोर्ट ताजे न्या. आजार किती गंभीर आहे हे सांगणारा मेल्ड स्कोअर त्यांच्यावरूनच काढतात.