पाण्यात फ्लोराईड: पंपाजवळच्या माणसामागे कोण उभं आहे?

नमस्कार मंडळी! पिण्याच्या पाण्यात फ्लोराईड घालावं की नाही, यावर अमेरिकेत सध्या जोरात वाद चाललाय. २०२५ च्या मार्चमध्ये यूटा राज्याने बंदीचा कायदा केला, पाठोपाठ फ्लोरिडानेही. या वादावर तुम्ही बरंच ऐकलं असेल. मला बोलायचंय ते जलशुद्धीकरण केंद्रातल्या ऑपरेटरबद्दल, जो हे फ्लोराईड रोज प्रत्यक्ष पाण्यात सोडतो. कारण माझं स्पष्ट मत आहे: या ऑपरेटरच्या पाठीशी आरोग्य खातं भक्कम उभं राहणार नसेल, तर गावाने फ्लोराईडच्या भानगडीत पडूच नये.

थोडं मागचं सांगते. २५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहराने मुलांचे दात किडू नयेत म्हणून पाण्यात फ्लोराईड घालायला सुरुवात केली. जगातलं असं पहिलंच शहर. पुढे हजारो गावांनी ते उचललं. आज अमेरिकेत सरकारी शिफारस आहे लिटरमागे ०.७ मिलिग्रॅम. २०१५ पर्यंत ती हवामानाप्रमाणे ०.७ ते १.२ होती.

आता ०.७ मिलिग्रॅम म्हणजे नेमकं किती? चला, हिशेब करू. एका छोट्या गावाला दिवसाला १० लाख लिटर पाणी लागतं असं धरा, आणि त्या पाण्यात नैसर्गिक फ्लोराईड अजिबात नाही असंही धरा. मग दिवसाला ७०० ग्रॅम फ्लोराईड हवं. ते बहुतेक ठिकाणी फ्लोरोसिलिसिक आम्लाच्या रूपात येतं, साधारण २३ टक्के तीव्रतेचं. म्हणजे १० लाख लिटर पाण्यात आम्ल जातं जेमतेम सव्वातीन लिटर! तेही एकदम ओतायचं नाही, दिवसभर थेंबाथेंबाने, पाणी वाहील त्या प्रमाणात. आणि पाण्यात मुळातच ०.२ असेल, तर तेवढं वजा करून.

हे आम्ल मोठं जहाल. त्याच्या वाफेने खोलीतल्या खिडकीची काचसुद्धा पांढुरकी पडते. म्हणून ते वेगळ्या खोलीत ठेवतात, हवा खेळती ठेवतात, आणि ऑपरेटरला हातमोजे, चेहऱ्यावर ढाल, अंगात एप्रन लागतो.

रोजच्या वापराची टाकी छोटी असते, एका दिवसापुरतीच. मुद्दाम. पंप बिघडून सुरूच राहिला, तरी त्या एका टाकीपेक्षा जास्त आम्ल पाण्यात जाऊ नये. ही टाकी वजनकाट्यावर ठेवलेली असते. कालचं वजन, आजचं वजन, मधली घट म्हणजे वापरलेलं आम्ल. त्याला दिवसभरात पुरवलेल्या पाण्याशी ताडून पाहिलं की कागदावरची मात्रा कळते. मग पाण्याचा नमुना घेऊन खरी मात्रा मोजायची. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत.

आणि इथेच गंमत नाही, धोका आहे. फ्लोराईड मोजण्याच्या एका प्रचलित पद्धतीत लाल रंगाचं द्रव्य वापरतात. फ्लोराईड जितकं जास्त, तितका रंग फिका. पण पाणी निवळायला तुरटी वापरली असेल आणि तिचं ॲल्युमिनियम थोडंसं पाण्यात राहिलं असेल, तर फ्लोराईड खऱ्यापेक्षा कमी दिसतं. ऑपरेटर आकडा बघतो, ‘कमी पडतंय’ म्हणतो, पंप वाढवतो. त्याचं काहीच चुकलेलं नाही, आणि तरीही मात्रा वर चाललीय! हे त्याला कोण सांगणार? त्याच नमुन्याचा अर्धा भाग तपासणारी राज्याची प्रयोगशाळा. दोन आकड्यांत फरक दिसला की तिथून फोन येतो.

हा फोन आला नाही तर काय होतं? अलास्कातलं हूपर बे गाव, मे १९९२. पाण्याच्या दोन यंत्रणांपैकी एकीत फ्लोराईड लिटरमागे १५० मिलिग्रॅमपर्यंत चढलं. अंदाजे २९६ लोकांना विषबाधा झाली, एकाचा जीव गेला. चौकशीत काय निघालं? पंपाच्या नियंत्रणावर भरवसा ठेवता येत नव्हता, तीव्र द्रावण विहिरीत उतरू शकेल अशी रचना होती, आणि मात्रा वाढल्यावरही वेळेवर कुणी हालचाल केली नाही. यातली प्रत्येक गोष्ट जाणकार अभियंत्याच्या एका भेटीत सापडण्यासारखी होती. मला या घटनेचा फार त्रास होतो, कारण त्या गावाला दोष द्यायला जागाच नाही. छोटं, दूरचं गाव, किचकट यंत्र.

मुळात एक गोष्ट लक्षात घ्या. ऑपरेटर पाणीपुरवठ्याचा माणूस. क्लोरीन तो पाणी निर्जंतुक करायला घालतो, तुरटी गाळ बसवायला, आणखी काही रसायनं नळ गंजू नयेत म्हणून. फ्लोराईड हे एकच असं, जे पाण्यासाठी नाहीच, पिणाऱ्याच्या दातांसाठी आहे. म्हणजे काम आरोग्य खात्याचं, हात पाणीपुरवठ्याचे. मग प्रशिक्षण, तपासणी, जुना पंप बदलायला पैसे, रात्री दोन वाजता आकडा चढला तर विचारायला माणूस, हे सगळं आरोग्य खात्यानेच द्यायला हवं. मोठी शहरं स्वतःचे अभियंते ठेवतात. छोट्या गावात तोच ऑपरेटर नळही दुरुस्त करतो.

अमेरिकेत हा आधार वर्षानुवर्षं सीडीसी, म्हणजे तिथली केंद्रीय आरोग्य संस्था, आणि राज्यांची आरोग्य खाती मिळून देत आली. एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या कर्मचारी कपातीत सीडीसीचा मौखिक आरोग्य विभागच बंद झाला. राज्यांना तांत्रिक सल्ला देणारा तोच विभाग. हजारो ठिकाणी फ्लोराईडचे पंप मात्र चालूच आहेत. पंप चालू आणि सल्ला बंद, ही मला सगळ्यात वाईट अवस्था वाटते.

फ्लोराईडचा फायदा पूर्वीइतका मोठा राहिलेला नाही, कारण आता फ्लोराईडची टूथपेस्ट घरोघरी आहे, हेही खरं. १.५ मिलिग्रॅमच्या वर मुलांच्या बुद्धीवर परिणाम होतो का, यावर २०२४ च्या अमेरिकी सरकारी अहवालाने चिंता व्यक्त केलीय. ०.७ बाबत निष्कर्ष काढायला पुरेशी माहिती नाही, असंही तोच अहवाल म्हणतो. पण म्हणूनच तर ०.७ चं ०.७ च राहणं महत्त्वाचं!

तुम्ही किंवा तुमचं कुणी अमेरिकेत असेल, तर पाणीपुरवठा संस्थेला दरवर्षी १ जुलैपर्यंत पाण्याच्या दर्जाचा अहवाल द्यावाच लागतो. त्यात फ्लोराईडची ओळ शोधा. अहवालावर फोन नंबर असतो, तो लावा आणि विचारा: काल मात्रा किती होती, आणि तुमचा आकडा बाहेरच्या प्रयोगशाळेने शेवटचा कधी पडताळला? मिळालेलं उत्तर कमेंटमध्ये नक्की लिहा.