तलावाचा काठ कोणाचा?

पावसाळ्यात पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभं राहिलं की तलाव कुठवर, हे कोणाला विचारावं लागत नाही. पाणी दिसतं तिथवर तलाव. हे चित्रीकरण उन्हाळ्यातलं आहे. पाणी तुडुमाजवळ, म्हणजे पाणी सोडायच्या दाराजवळ, गोळा झालंय आणि समोर हिरवंगार दिसतंय ते उन्हाळी धान. त्या बांध्या, म्हणजे धानाची बांध घातलेली शेतं, तलावाच्या पोटात आहेत. मोटारीचा पाइप बघा, तोही तलावातच सोडलाय.

ही पाळ मातीची आहे. गोंड राजवटीत कोहळी समाजाच्या लोकांनी असे तलाव बांधले. पुढे ते मालगुजारांकडे, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्या जमीनदारांकडे, गेले, म्हणून माजी मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडी मामा तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात ते सहा हजारांहून जास्त आहेत. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तेव्हा हा मुलूख मध्य प्रदेशात होता. बहुतेक तलाव सरकारजमा झाले. पाणी सरकारकडे गेलं. काठाचं मात्र कोणी नीट पाहिलं नाही.

समुद्राच्या काठाला सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्र, आहे. १९९१ पासून भरतीरेषेपासून जमिनीच्या बाजूला ५०० मीटरपर्यंत काय करता येईल, याला नियम आहेत. कोकणात भांडण लागलं तर निदान रेषेचा नकाशा मागता येतो. पाणथळ जागांसाठीही २०१७ चे नियम आहेत : दहा वर्षांतल्या सरासरी पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम नाही. पण माणसाने सिंचनासाठी बांधलेली तळी त्या व्याख्येतून वगळली आहेत. मामा तलाव बांधले ते सिंचनासाठीच! सारस पक्ष्याला हा फरक कोण समजावणार?

मग उरतं महसुली दप्तर. हा कागद जवळून बघा, कडा झिजल्यात. वाजिब-उल-अर्ज. मालगुजाराच्या तलावातलं पाणी कोणाच्या बांधीला जाईल, मासे कोण धरेल, वाट कुठून, हा रिवाज यात लिहून ठेवत. गुरंचराई आणि सरपणाचे हक्क निस्तार पत्रकात. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत ही दोन्ही दप्तरं आजही आहेत, कलम १६१ आणि १६५. गावात विचारा, किती जणांनी ती पाहिलीत.

२८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावतळ्यांवरची अतिक्रमणं काढायला सांगितली. कबजा जुना आहे, खर्च झालाय, ही सबब चालणार नाही, असंही बजावलं. निकाल सगळ्या राज्यांना लागू.

काठ गेला की देवधान, म्हणजे तलावात आपोआप उगवणारं रानटी धान, जातं, मासळी घटते, ढिवरांच्या, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांच्या, संस्थेला ठेका परवडत नाही. आणि तलावाच्या पोटात बांधी काढणाराही बहुधा दोन एकरांचाच शेतकरी असतो.

अतिक्रमण काढण्याचा अधिकार संहितेच्या कलम ५० ने जिल्हाधिकाऱ्यांना दिलाय. पण आधी हद्द ठरायला हवी, त्यासाठी मोजणी हवी. पाणी एकाकडे, जमीन दुसऱ्याकडे, मासे तिसऱ्याकडे. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर. ग्रामसभेने ठराव घेतलाय : तलाव पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येतं तिथे खुंट ठोकायचे. मोजणीची फी ग्रामपंचायतीने भरायची की जिल्हा परिषदेने, यावर सध्या काम अडलंय.