मेनच्या आधी पडणारा प्रोग्रॅम

मित्रहो, सुरू होताक्षणीच बंद पडणारा प्रोग्रॅम नेमक्या कोणत्या यंत्रसूचनेवर (प्रोसेसरला मिळणाऱ्या मूळ आज्ञेवर) पडला हे पाहिल्याशिवाय कोणीही संगणक फॉर्मॅट करू नये, एवढेच आज मला सांगायचे आहे. सरकी उगवली नाही तर आपला यवतमाळकडचा शेतकरी आधी माती उकरतो, बी कुजले की मुंग्यांनी नेले ते पाहतो आणि मगच दुबार पेरणीचा खर्च करतो; संगणकाची दुबार पेरणी मात्र आपण न उकरताच करतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आपल्या भागातील एका महाविद्यालयाला वापरलेले संगणक मिळाले होते, इंटेलच्या हॅसवेल पिढीतील पेन्टियम प्रोसेसरचे. कापसाच्या वजनकाट्याच्या नोंदी ठेवणारा, विद्यार्थ्यांनी सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम नव्या लॅपटॉपवर उत्तम चाले. या संगणकांवर मात्र ‘इललीगल इन्स्ट्रक्शन’ (अवैध सूचना) एवढेच दाखवून बंद पडे. प्रोग्रॅम जेथून सुरू होतो असे आपण मानतो, त्या मेन फंक्शनच्या पहिल्याच ओळीत मुलांनी संदेश छापून पाहिला, तोही दिसेना. दुरुस्तीला आलेल्या माणसाने मदरबोर्ड खराब ठरवला आणि ज्या संगणकांसाठी खेड्यापाड्यांतील मुले एसटीने येत, ते भंगारात काढण्याचा ठराव झाला. त्या ठरावाचा मला आजही राग आहे, कारण बिघाड कोठे आहे हे यंत्र स्वतःच सांगत होते आणि ते विचारण्याची तसदी कोणी घेतली नव्हती.

मेन ही प्रोग्रॅमची सुरुवात नव्हे. लिनक्समध्ये कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, फाइल स्मृतीत मांडतो, डायनॅमिक लोडर लागणाऱ्या लायब्ऱ्या (तयार कोडचे संच) जोडतो, त्यानंतर ‘_स्टार्ट’ या पत्त्यावरून काम सुरू होते आणि सार्वत्रिक वस्तू (ग्लोबल ऑब्जेक्ट) घडवणारी कन्स्ट्रक्टर नावाची फंक्शने चालून गेल्यावरच मेनची पाळी येते. आमचा प्रोग्रॅम अशाच एका कन्स्ट्रक्टरमध्ये पडत होता. जीडीबी या दोष शोधण्याच्या साधनात प्रोग्रॅम पडू दिला आणि प्रोग्रॅम काउंटरपाशी, म्हणजे काम थांबले त्या पत्त्यावर, असलेली सूचना छापली, तेव्हा ‘व्हीपीब्रॉडकास्टबी’ ही एव्हीएक्स२ या, एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या सूचनांच्या, संचातील सूचना समोर आली. हॅसवेलचे कोअर प्रोसेसर २०१३ मध्ये एव्हीएक्स२ घेऊन आले, परंतु त्याच पिढीच्या पेन्टियममध्ये हा संच नव्हता. लॅपटॉपवर कोणत्या प्रोसेसरसाठी सूचना निवडायच्या हे सांगणाऱ्या ‘मार्च’ (-march) या पर्यायाला ‘नेटिव्ह’ (हाच प्रोसेसर) देऊन संकलन केल्यामुळे कंपायलरने, म्हणजे लिहिलेल्या प्रोग्रॅमचे यंत्रसूचनांत रूपांतर करणाऱ्या साधनाने, त्या लॅपटॉपला साजेशा सूचना निवडल्या होत्या. त्याऐवजी ‘एक्स८६-६४’ हा अशा सर्व ६४-बिट प्रोसेसरना चालणारा पर्याय दिल्यावर तोच प्रोग्रॅम त्याच संगणकांवर चालला.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट दाखवले आहे, म्हणून असा बिघाड शोधण्याची पद्धत भराभर सांगतो. शेलमधला (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीतला) निर्गम-संकेत, म्हणजे प्रोग्रॅम संपताना मागे राहणारा आकडा, आधी पाहावा; प्रोग्रॅम पडला असेल तर तो १२८ अधिक कर्नलने पाठवलेल्या सिग्नलचा क्रमांक असतो: १३२ म्हणजे १२८ अधिक ४, अर्थात अवैध सूचना, १३९ म्हणजे १२८ अधिक ११, अर्थात स्मृतीचा गैरवापर. पडण्याच्या आधीचे पाहायचे असेल तर जीडीबीमध्ये ‘रन’ऐवजी ‘स्टार्टआय’ द्यावे, म्हणजे प्रोग्रॅम अगदी पहिल्या सूचनेवर, बहुधा लोडरमध्येच, थांबतो, आणि ‘स्टेपआय’ने एकेक सूचना पुढे जाता येते.

१३९ आला की बहुधा शून्य पत्त्याचा संशय घेतला जातो; पण समोर ‘मूव्हएपीएस’ ही १६ बाइट एकदम हलवणारी सूचना दिसली, तर पत्ता शून्य नाही म्हणून बुचकळ्यात पडू नये. या सूचनेला स्मृतीतील पत्ता १६ ने भागला जाणारा लागतो. ‘_स्टार्ट’ स्वतः असेम्ब्लीत (थेट यंत्रसूचनांच्या भाषेत) लिहिणाऱ्यांचा स्टॅक, म्हणजे फंक्शनांची तात्पुरती माहिती ठेवणारा स्मृतीचा भाग, नेमका येथेच ८ बाइटने सरकलेला सापडतो, म्हणून प्रत्येक ‘कॉल’च्या (दुसरे फंक्शन बोलावणाऱ्या सूचनेच्या) आधी स्टॅकचे टोक दाखवणाऱ्या आरएसपी रजिस्टरचा सोळाआधारी आकडा शून्याने संपतो की नाही, ते तपासावे.