श्रोत्यांच्या मालकीचा रेडिओ
(कॅलिफोर्नियात, बर्कलीजवळच्या मराठी मंडळाच्या मेळाव्यात पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

नमस्कार मंडळी.

पुण्याचा माणूस रेडिओवर बोलायला उभा राहिला की गाडी गीतरामायणावर येणारच. १ एप्रिल १९५५, रामनवमी. माडगूळकरांचे शब्द, बाबूजींचं संगीत, पुढे वर्षभरात ५६ गीतं. आमच्या घरात आजही त्याबद्दल अभिमानानं बोलतात. पण आकाशवाणीचं पुणे केंद्र होतं सरकारचं. श्रोत्यानं ऐकायचं, आवडलं तर पत्र टाकायचं. त्यापुढे त्याच्या हातात काही नव्हतं. मला आज बोलायचंय ते श्रोत्यांनी स्वतःचा करून घेतलेल्या रेडिओबद्दल. आणि तो तुमच्या शेजारी, बर्कलीत आहे.

लुइस हिल हा युद्धाला नकार देणारा शांततावादी तरुण. त्यानं १९४६ मध्ये सहकाऱ्यांसह पॅसिफिका फाउंडेशन काढलं आणि १५ एप्रिल १९४९ ला केपीएफए हे एफएम रेडिओ केंद्र सुरू केलं. जाहिराती घ्यायच्या नाहीत, हे आधीच ठरलेलं. त्याचा हिशोब साधा होता: ऐकू शकणाऱ्यांपैकी दोन टक्के लोकांनी वर्षाला १० डॉलर दिले, तरी केंद्र चालेल. पण तेव्हा एफएमचे संच होते किती जणांकडे? १९५० च्या ऑगस्टमध्ये पैसे संपले आणि केंद्र बंद पडलं. मग श्रोत्यांनीच हातपाय हलवले, वर्गणी जमवली, आणि १९५१ मध्ये आवाज पुन्हा सुरू झाला.

वर्गणी देणारा मालक होतोच असं नाही, हे मात्र ५० वर्षांनी कळलं. १९९९ च्या जुलैमध्ये पॅसिफिकाच्या वरच्या मंडळानं कर्मचाऱ्यांनाच बाहेर काढून केंद्राला कुलूप लावलं. केंद्र विकायचीही भाषा झाली होती. हजारो लोक बर्कलीच्या रस्त्यावर उतरले. त्या लढ्यातून २००३ मध्ये संस्थेची नवी नियमावली आली: वर्षात २५ डॉलर द्या किंवा तीन तास स्वयंसेवा करा, तुम्हाला मत मिळेल. स्थानिक मंडळाच्या २४ जागांपैकी १८ श्रोत्यांनी निवडायच्या, ६ कर्मचाऱ्यांनी. त्यातल्या ‘तीन तास’ या कलमाला मी मनापासून दाद देतो. खिशात पैसे नसलेल्यालाही तिथे मत आहे.

आता आपल्याकडे या. रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, हा निकाल सर्वोच्च न्यायालयानं ९ फेब्रुवारी १९९५ ला दिला, आणि तो देणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, निवृत्तीनंतर पुण्यात राहिलेले. वाद क्रिकेटच्या प्रक्षेपणाचा होता, पण त्यातून दार उघडलं. आधी शिक्षणसंस्थांना आणि २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओचे, म्हणजे त्या त्या भागातल्या लोकांसाठीच्या छोट्या केंद्रांचे परवाने मिळू लागले. पुण्यात विद्यापीठाची विद्यावाणी आहे, साताऱ्याकडे म्हसवडला माणदेशी तरंग आहे. ५० वॅटचा ट्रान्समीटर, दहा-पंधरा किलोमीटरचा पल्ला. स्वतःच्या बातम्या द्यायला मात्र परवानगी नाही, आणि हे मला आजही खटकतं.

पुण्यातल्या अशाच एका केंद्रावर मी स्वयंसेवक होतो. एकदा कचरा गोळा करणाऱ्या एक ताई ध्वनिमुद्रणाला आल्या. पंख्याची घरघर माइकमध्ये येते म्हणून पंखा बंद, दार बंद. दोघांच्याही कपाळावर घाम. मी प्रश्न लिहून नेले होते, ते विचारायची वेळच आली नाही. “सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा. मग कळतं आम्हाला, हात घालायचा नाही ते,” त्या म्हणाल्या, आणि हात कापल्यावर दवाखान्यात काय काय ऐकून घ्यावं लागतं तेही त्यांनी सांगितलं. एवढा चांगला कार्यक्रम माझ्या हातून क्वचितच झाला असेल. तो लागला दुपारी तीनला. त्या वेळी ताई आणि त्यांच्या मैत्रिणी शेडमध्ये कचरा निवडत होत्या. वेळ ठरवणाऱ्या बैठकीत त्यांच्यातलं कुणी नव्हतं.

परवाना संस्थेच्या नावावर असतो. सल्लागार समित्या असतात, त्यांत माणसंही चांगली असतात. पण श्रोत्याला तिथे मत नाही. मला ते हवंय. ताईंना त्यांच्या तीन तासांच्या बदल्यात मत मिळायला हवं.

तुमच्यापैकी कुणी केपीएफएच्या निवडणुकीत मत दिलं असेल, वर्गणीच्या मोहिमेत फोन घेतले असतील, तर जेवणानंतर मला जरूर भेटा. सभासदांची यादी कोण ठेवतं, स्वयंसेवेचे तास कोण मोजतं, भांडणं झाली की कोण मिटवतं, हे सगळं मला वहीत उतरवून पुण्याला न्यायचंय.