इंद्राच्या गावात अहिल्या

[पहाट. राजवाड्यासमोरची बाग. पुतळ्याच्या गळ्यात कालचा झेंडूचा हार. मागे पोह्यांच्या गाडीवरची वाफ.]

इंदूरला विमानानं आलात तर उतराल देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर. शिकायला आलात तर पदवीवर नाव येईल देवी अहिल्या विश्वविद्यालयाचं. 1964 सालचं हे विद्यापीठ 1988 पासून याच नावानं चालतं. आणि नुसते पोहे-जलेबी खायला राजवाड्यावर थांबलात, तरी समोर त्याच उभ्या. या शहरात हे नाव वाचल्याशिवाय एक दिवस जात नाही.

वाचल्याशिवाय म्हणते आहे मी. हाक मारताना ऐकलंय का कधी?

मी रामबागेत वाढले. दिवेलागणीला गल्लीत हाकांचा नुसता गलका. आमच्या वर्गात तीन संध्या होत्या, दोन वर्षा, सुनीता तर मोजायच्याच नाहीत. अहिल्या एकही नव्हती. तेव्हा याचं काही वाटलं नाही. वाटलं ते आमच्याच घरात पाळणा बांधला गेला तेव्हा.

[घरातली बैठक. पाळण्याला लावायची फुलं निवडणारे हात.]

भावाला मुलगी झाली. नक्षत्र कृत्तिका, पहिलं चरण, म्हणजे अक्षर आलं अ. मग काय, मोबाईलवर याद्या सुरू. अन्वी, अनन्या, आर्या, अद्विका. वहिनी दोन दिवस ऐकत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अहिल्या ठेवू या."

आई फुलं निवडत होती. तिचा हात थांबला.

"नाव चांगलंच आहे गं. पण राजवाड्यावरून जाताना मी हात जोडते त्यांना. उद्या हिनं भिंतीवर रेघोट्या मारल्या तर काय म्हणू? अहिल्ये, धपाटा घालीन?"

आम्ही हसलो. आई नाही हसली. जरा वेळानं, फुलांकडेच बघत, खालच्या आवाजात म्हणाली, "आणि ती दुसरी पण आहे ना. शिळा झालेली."

खरी अडचण ही होती. या नावात बायका दोन आहेत. एक पुतळ्यातली आणि एक दगडातली.

[पोथीची पानं उलटणारं बोट. ठसा अस्पष्ट, कडा पिवळ्या.]

आता मी मुलीची आत्या. बारशाला कानात नाव सांगायचं काम माझं. म्हटलं, ज्या नावासाठी पाठीत धपाटे खायचे, ते आधी नीट वाचून तरी घ्यावं.

वाल्मीकी रामायणाचं बालकांड काढलं. आणि गंमत बघा, तिथं दगड नाहीच! गौतम ऋषींचा शाप असा की तू इथंच राहशील, वारा पिऊन, राखेत पडून, कुणाच्या नजरेला न दिसता. अदृश्य होते ती, शिळा होत नाही. राम-लक्ष्मण आश्रमात येतात तेव्हा ती दिसू लागते. आणि मग ते दोघं वाकून तिचे पाय धरतात. लहानपणापासून कॅलेंडरवर आपण पाहतो ते बरोब्बर उलटं: वर रामाचं पाऊल, खाली दगड. शिळा नंतरच्या कवींनी आणली. कालिदासाच्या रघुवंशात ती आहे, पुढच्या रामायणांत ती पक्की झाली. तुलसीदासांचं रामचरितमानस घराघरांत गेलं, तसा दगडही गेला.

आईला ते पान वाचून दाखवलं. तिनं चष्मा लावून स्वतः पुन्हा वाचलं. बोलली काही नाही.

[नांगरलेलं शेत. शेजारी न नांगरलेली पडीक जमीन, गवत वाऱ्यावर.]

आणि अर्थ? नाव मुळात अहल्या. रामायणाच्या उत्तरकांडात त्याची फोड आहे. हल म्हणजे विरूपता, त्यातून येतं ते हल्य, आणि जिच्यात ते औषधालाही नाही ती अहल्या. ब्रह्मदेवानं सगळ्या प्राण्यांचं उत्तम ते ते घेऊन तिला घडवलं, अशी कथा. पण हल म्हटलं की आपल्याला आधी नांगर आठवतो. त्या वाटेनं गेलं तर अहल्या म्हणजे न नांगरलेली जमीन, नांगराचा फाळ न लागलेली. सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांनी तिसरीच वाट काढली: अह म्हणजे दिवस, दिवसात लीन होते ती अहल्या, म्हणजे रात्र, आणि इंद्र म्हणजे सूर्य. रात्रीला सूर्य संपवतो, एवढीच ती गोष्ट. देवाची अब्रू वाचवायला पंडित किती लांब जातात, याचा हा नमुना. तरी फोड सुंदर आहे, हे कबूल करायला हवं. मला स्वतःला जमीनच आवडते. माळव्याची काळी जमीन पाहिलेल्या माणसाला आवडणारच.

मधे इकार कुठून आला? बोलण्यातून. अहल्या म्हणता म्हणता जीभ अहिल्या म्हणते. अभ्यासकांच्या पुस्तकांत बरेचदा अहल्याबाई दिसतात, पाटीवर आणि तोंडी अहिल्याबाई. भावाला एका शास्त्रीबुवांनी सांगितलं होतं, अहि म्हणजे साप, इकार नको. आम्ही ठेवला. शहरभरच्या पाट्यांशी भांडण कोण काढणार?

[जुनं इंदूर. अरुंद गल्ली, मंदिराची पायरी, घंटा.]

आता एक गोष्ट, जी इंदूरकरांच्या नाकासमोर आहे. जुन्या शहरात, पंढरीनाथाच्या देवळाजवळ, इंद्रेश्वर महादेवाचं मंदिर आहे. इंदूर हे नाव यावरूनच पडलं असं इथं मानतात. म्हणजे गाव इंद्राचं. जिल्ह्यातच देपालपूरच्या बाजूला गौतमपुरा आहे, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी पेटते हिंगोट, म्हणजे स्फोटक दारू भरलेली रानफळं, एकमेकांवर फेकण्याच्या खेळासाठी प्रसिद्ध. इंद्र झाला, गौतम झाला, आणि अहिल्या तर चौकाचौकात!

अर्थात गौतमपुऱ्याचा ऋषींशी संबंध नाही. ते नाव गौतमाबाईंचं, मल्हारराव होळकरांच्या पत्नीचं. अहिल्याबाईंच्या सासूबाई. सासू गौतमा, सून अहिल्या. हे मी सांगितलं तेव्हा वहिनीनं आईकडे पाहिलं, आईनं वहिनीकडे, आणि दोघी एकदम म्हणाल्या, "चहा टाकते."

[महेश्वर. घाटाच्या पायऱ्या, नर्मदेचं पाणी, एक दिवा वाहत जातो.]

पुतळ्यातल्या अहिल्याबाईंचं चरित्र तुम्हाला पाठ असणार. चौंडीच्या माणकोजी शिंद्यांची लेक, जन्म 31 मे 1725. पती खंडेराव 1754 मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पडले, सासरे मल्हारराव 1766 मध्ये गेले, आणि पुढच्याच वर्षापासून 13 ऑगस्ट 1795 पर्यंत कारभार त्यांचा. राजधानी इंदूर नव्हती, महेश्वर होती. इंदूर राजधानी झालं 1818 मध्ये, त्या गेल्यावर तेवीस वर्षांनी.

मला थांबायचंय ते त्यांच्या नावापाशी. कारण हे नाव सगळ्यात कमी वापरलं ते त्यांनीच. त्यांच्या हुकुमावर सही असे ती श्री शंकर अशी. नाण्यांवर नाव दिल्लीच्या शाह आलम बादशहाचं आणि खूण बेलाच्या पानाची, शिवलिंगाची. ब्रिटिश अधिकारी जॉन माल्कमनं 1823 च्या आपल्या ग्रंथात एक प्रसंग नोंदवलाय. एका ब्राह्मणानं त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला. त्यांनी शांतपणे पूर्ण ऐकून घेतला, मी कसली एवढी थोर, म्हणाल्या, आणि तो नर्मदेत सोडायला सांगितला. माल्कमचं पुस्तक वाचून जोआना बेली या स्कॉटिश कवयित्रीनं 1849 मध्ये त्यांच्यावर अख्खी कविता छापली. ती नर्मदेत सोडायला सांगणारं तेव्हा कुणी नव्हतं.

मग नाव वाढतच गेलं. 1996 मध्ये टपाल तिकीट. सोलापूरचं विद्यापीठ 2019 मध्ये त्यांच्या नावाचं झालं, 2024 मध्ये अहमदनगर जिल्हा अहिल्यानगर झाला, आणि 2025 मध्ये, जन्माला 300 वर्षं झाली म्हणून, 300 रुपयांचं स्मारक नाणं. बेलाच्या पानाच्या आड राहिलेली बाई शेवटी नाण्यावर आली.

पण पाटीवर चढलेलं नाव घरात उतरायला बिचकतं. महाराष्ट्रातल्या आमच्या ओळखीच्या धनगर घरांत ही भीती मला कधी दिसली नाही. तिथं अहिल्या आजीही भेटते आणि नातही, आणि अंगणात तिला खणखणीत रागावतातही. रामबागेतल्या आमच्यासारख्यांनीच नाव देव्हाऱ्यात ठेवलं. सोय म्हणून असेल. देव्हाऱ्यातल्या बाईसारखं वागावं लागत नाही, नुसता हार घातला की भागतं.

[बारसं. पाळण्याभोवती बायका. घुगऱ्यांचं पातेलं.]

तर बाराव्या दिवशी पाळणा सजला. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या, वरवंटा पाळण्याच्या खालून-वरून फिरला. मालवी शेजारीण दारातूनच विचारत होती, "काई नाम धर्‍यो?" मी वाकले. इवलासा कान, कानाच्या पाळीवर लव. कुर्रर्र केलं आणि तीन वेळा म्हटलं. पाठीत धपाटे असे बसले की वहिनीच्या बहिणींना वर्षभराचा राग काढायचा होता की काय, कोण जाणे.

मुलगी आता आठ महिन्यांची आहे. भाऊ तिला अहू म्हणतो, वहिनी पूर्ण नावानं. आईचं काय होणार, याकडे आमचं लक्ष होतं. काल संध्याकाळी ती वाटी-चमचा घेऊन बसली होती. मुलीनं तोंड फिरवलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा चमचाच उडवला. पेजेचा शिंतोडा थेट आईच्या चष्म्यावर. आईनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

"अहो मातोश्री," ती म्हणाली, "आता घास घ्यायचा की कसं?"